बारोलो पहिल्यांदा उघडताना

ग्लासातला फिका, विटकरी छटेचा रंग पाहून वाइन पातळ आहे असं समजू नका. बारोलो ही इटलीतली रेड वाइन, ती फक्त नेब्बियोलो द्राक्षाची असते आणि या द्राक्षाचा रंगच फिका. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक, मात्र जबरदस्त. म्हणून तर नियमानुसार तिला किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात.

सगळ्यात जास्त चूक तापमानात होते. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. मुंबई-पुण्याच्या 30 अंशांत अल्कोहोलच नाकात चढतं आणि गुलाबाचा, चेरीचा वास दबून जातो. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. 16 ते 18 अंश तापमान हवं. त्याहून गार झाली तर टॅनिन कडवट, खरखरीत लागतं.

पाच-सहा वर्षांची असेल तर डिकँटरमध्ये (रुंद पोटाच्या काचेच्या भांड्यात) ओतून दोन तास थांबा. नुसतं बूच काढून ठेवल्याने काही होत नाही, बाटलीच्या मानेतून हवा जेमतेम लागते. वीस वर्षांची असेल तर उलट: आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ बसू द्या, हळूच ओता, लगेच प्या.

मोठ्या पोटाचा ग्लास, एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग फिरवून. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच खराब आहे, थांबून सुधारणार नाही.

हिरड्या आवळल्यासारख्या होतील, ते टॅनिन. सोबत चरबीदार मटण किंवा जुनं पार्मेजान चीज ठेवा. तिखट रस्सा नको, टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही आणखी झोंबतात.