सहा रात्री दक्षिण गोव्यात: तीन वेळच्या जेवणाचे पॅकेज की स्वयंपाकघर असलेले घर?

नाशिकच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या मध्यावर पती-पत्नी आणि १४ व ९ वर्षांची दोन मुले असे चौघे बाणावलीला सहा रात्री जाणार आहेत. रेल्वेची तिकिटे काढून झाली आहेत. रिसॉर्टने तिन्ही जेवणांसह चौघांचे रोजचे १९,००० रुपये सांगितले आहेत, फक्त नाश्ता धरला तर १३,०००. दुसरा पर्याय म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट, रोज ६,०००. पतीची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या काठावर, आली असून डॉक्टरांनी रोज ४५ मिनिटे चालायला सांगितले आहे, म्हणून जिम असलेला रिसॉर्ट बरा असे त्यांना वाटते. हाताशी आरडीचे १,२५,००० आहेत, कमी पडले तर क्रेडिट कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय. घरखर्च महिना ५५,००० आणि आपत्कालीन निधी जेमतेम ४०,०००.

ताई, तिन्ही जेवणांचे पॅकेज घेऊ नका. रिसॉर्टने दोन दर दिले आहेत, त्यांची वजाबाकी करा. ६,००० रुपयांत चौघांचे दुपारचे आणि रात्रीचे जेवण, म्हणजे आठ ताटे. एक ताट ७५० चे, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ८८५. बाहेर गावातल्या साध्या खानावळीत मासळीची थाळी ३०० रुपयांच्या आसपास मिळते आणि तिथे जीएसटी लागलाच तर ५ टक्के. नऊ वर्षांचे मूल ८८५ रुपयांचे जेवत नाही.

पण मला जास्त काळजी पैसे भरून झाल्यानंतरची आहे. ताटाचे पैसे आधीच दिले की माणूस ते वसूल करायला बसतो. बुफेत तीन गोड पदार्थ असतात, ते सोडवत नाहीत. दुपारी एकला कुठेही असलात तरी रिसॉर्टवर परतावे लागते, आणि भरपेट जेवून एसीत झोपले की संध्याकाळचे चालणे बुडते. साखर काठावर असलेल्या माणसासाठी ही सर्वांत वाईट दिनचर्या आहे.

आता पूर्ण हिशेब. रिसॉर्टचे सहा दिवसांचे १,१४,०००, जीएसटी २०,५२०, शिवाय दोन दिवस गाडी आणि पेट्रोल ४,६००. एकूण १,३९,१२०. अपार्टमेंटचे ३६,०००, त्यावर ५ टक्के म्हणजे १,८००. (खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के आणि वर गेले की १८, हे सप्टेंबर २०२५ पासून आहे. घर बघताना ही रेघ ओलांडू नका.) किराणा, दूध, अंडी, फळे रोज ७०० प्रमाणे ४,२००. दुपारच्या थाळ्या ७,२००. तीन रात्री बाहेर जेवण ६,०००. शहाळी १,४४०. सहाही दिवस गाडी, पेट्रोलसह १३,८००. उरलेल्या तीन रात्री स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचे ८०० प्रमाणे २,४००. एकूण ७२,८४०. खाण्याचे आणि गाडीचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण त्यात १० टक्के चूक धरली तरी फरक ६०,००० च्या वरच राहतो.

ते २,४०० रुपये मी मुद्दाम धरले आहेत. वर्षभर ओट्याशी उभ्या असणाऱ्या बाईला सुट्टीतही तेच करायला लावणारा सल्ला मी देणार नाही. तुमच्याकडे फक्त नाश्ता उरतो, तो चौघांत वाटा. त्यासाठी नाशिकहून अर्धा किलो भाजणी (सात-आठ थालीपिठे होतात), अर्धा किलो पोहे आणि अर्धा किलो मूग न्या. मूग रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा. मेच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंतच मोड येतात. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. सकाळी पोदेर (गोव्यातला पाववाला) सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडे पाव न मागता कोंडा लावलेली पोय मागा. एक पोय, दोन अंडी आणि काकडी-टोमॅटो एवढ्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही.

दुपारच्या थाळीत उकड्या तांदळाचा भात एक वाटी, हुमण (नारळाची मासळीची आमटी), तव्यावरची मासळी आणि भाजी दुसऱ्यांदा. रवा लावून तळलेला तुकडा खूप तेल पितो, म्हणून रेशाद (लाल मिरचीचा आंबट गोवन) मसाला लावून थोड्या तेलात भाजून द्यायला सांगा. ट्रॉलरबंदी (यांत्रिक बोटींच्या मासेमारीवरची पावसाळी बंदी) १ जूनपासून लागते, त्यामुळे तुम्हाला ताजी मासळी मिळेल. मानकुराद आंबाही त्याच दिवसांत असतो. पतींनी तो जेवणानंतर वेगळा खाऊ नये. अर्धा आंबा जेवणातच घ्यावा आणि तेवढा भात कमी करावा.

जिमसाठी तर एक रुपयाही देऊ नका. कोलवा, बाणावली, वार्का, केळशी हा सलग सपाट किनारा फुकट आहे. मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडते, तेव्हा निघून सातपर्यंत परता. ओहोटीला ओली, घट्ट वाळू मिळते. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे भरती असेल त्या दिवशी गावातल्या रस्त्याने चाला. पहिल्या दिवशी अनवाणी २० मिनिटेच. सवय नसताना ४५ मिनिटे चालले की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि टाचा धरतात आणि उरलेली सुट्टी बसून जाते. किनाऱ्याला उतार असतो, म्हणून गेलात त्याच वाटेने परत या, म्हणजे एकाच गुडघ्यावर भार येत नाही. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटे सगळ्यांनी फिरावे, साखर चढायला त्याने चांगला आळा बसतो. मुलांनी लाल-पिवळ्या झेंड्यांमध्येच पोहायचे. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचे नाही. घाम खूप गेला तर नुसते शहाळे पुरत नाही, त्यात मीठ फार कमी असते. मीठ घातलेले लिंबूपाणी बाटलीत ठेवा, पतींसाठी बिनसाखरेचे.

ईएमआयबद्दल: नो-कॉस्ट म्हणजे व्याज नाही असे नसते. व्याजाइतकी सूट आधी देतात आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर लागतो, बऱ्याचदा प्रक्रिया शुल्कही. सुट्टी संपल्यावर हप्ते राहणारी सहल तुमच्या आजच्या निधीला झेपणारी नाही. अपार्टमेंट घेतलेत तर आरडीतून ५२,१६० उरतात. त्यातले ४०,००० आपत्कालीन निधीत टाका, १२,१६० प्रवासात औषधपाण्यासाठी वेगळे ठेवा.

मुलांना पूल हवाच असेल तर शेवटच्या दोन रात्री फक्त नाश्त्याच्या दरात रिसॉर्ट घ्या. १८,०८० जास्त लागतील आणि निधीत तेवढे कमी जातील, हे पतींशी बोलून ठरवा. सुरुवात मात्र अपार्टमेंटनेच करा, म्हणजे सकाळी चालायची सवय आधी लागते.

आगाऊ रक्कम देण्याआधी मालकाकडून स्वयंपाकघराचा फोटो मागवा. शेगडी चालू आहे का, फ्रिज, कढई, तवा, धारेची सुरी आणि पाण्याचा फिल्टर आहे का, तीन रात्रींसाठी स्वयंपाकाला कोणी मिळेल का, हे विचारा. नुसती किटली आणि मायक्रोवेव्ह असेल तर ते घर सोडा आणि दुसरे बघा. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी घ्या.