मुलीला पुन्हा ट्रायथलॉनमध्ये उतरू द्यावं का?

पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या ट्रायथलॉन या खेळाबद्दल कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मुलगी वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सातवीपासून पोहते, अकरावीत ट्रायथलॉनकडे वळली. ज्युनियर गटात राष्ट्रीय पदक आहे. व्यावसायिक ट्रायथलीटच व्हायचं, असं ठाम म्हणते. मार्चमध्ये उजवी नडगी दुखायला लागली, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. दीड वर्षात हे दुसरं, पहिलं डाव्या पायाला झालं होतं. खरं तर तिची मेहनत कमी नाही. पहाटे पावणेपाचला चहा-बिस्किटावर बाहेर पडते ती दहाला येऊन जेवते. कोचनी दोन किलो वजन उतरवायला सांगितलं होतं, तेही तिनं उतरवलं. आता कोच म्हणतात, गोव्याची हाफ आयर्नमन साडेतीन महिन्यांवर आहे, उतरवू. तिची आई म्हणते, बास झालं, बँकेच्या परीक्षा दे. पोरगी दिवसभर मोबाइलवर दुसऱ्यांच्या शर्यती बघत गप बसून असते. मी कुणाचं ऐकू? आणि परत खेळली तरी पुढं पोट कशावर चालणार?"

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. खेळ सोडायला लावू नका. आणि गोव्यात पूर्ण शर्यतीला उतरवू नका. हाफ आयर्नमन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर पळणं. ज्या नडगीचं हाड आत्ता भरून येतंय, तिच्यावर साडेतीन महिन्यांत हा भार टाकणं म्हणजे तिसऱ्या फ्रॅक्चरची तयारी.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिली आहेत. पहाटे चहा-बिस्किट, जेवण थेट दहाला, आणि दोन किलो वजन कमी. यात तुम्हाला मुलीची जिद्द दिसते. मला काळजी वाटते. स्ट्रेस फ्रॅक्चर एका धडकेनं होत नाही. पळताना हाडाला रोज बारीक इजा होते आणि विश्रांतीत, पुरेशा अन्नावर ते हाड स्वतःला पुन्हा बांधतं. बांधणीपेक्षा इजेचा वेग वाढला की हाड तडकतं. सराव एकदम वाढल्यानं हे एकदा कुणालाही होऊ शकतं. पण दीड वर्षात दुसऱ्यांदा, तेही दुसऱ्या पायाला झालं, तर नुसत्या बुटांना आणि रस्त्याला दोष देऊन भागत नाही.

खेळाडूच्या शरीराला सरावाच्या मानानं इंधन कमी पडतं, त्या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये रेड-एस असं नाव दिलं. मुलग्यांनाही ती होते. मुलींमध्ये तिची एक ठळक खूण असते: मासिक पाळी लांबते, अनियमित होते किंवा बंदच पडते. इंधन कमी पडलं की शरीर खर्च वाचवायला लागतं, इस्ट्रोजेन घटतं, आणि हाडं मजबूत राखण्याचं काम करणारं हेच संप्रेरक. पुष्कळ मुली पाळी थांबली की "सराव चांगला चाललाय" असं समजतात, काही कोचही तसंच समजतात. ती धोक्याची घंटा असते. तुम्ही वडील म्हणून हे विचारायला संकोचाल. तिच्या आईला विचारू द्या, आजच. तीन महिने पाळी आली नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांना खेळाचं, वजनाचं, फ्रॅक्चरचं सगळं सांगा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि अस्थिरोगतज्ज्ञांना एक प्रश्न नेमका विचारा: फ्रॅक्चर नडगीच्या आतल्या-मागच्या कडेला आहे की पुढच्या धारेला? पुढच्या धारेचं फ्रॅक्चर चिवट असतं, त्याला वेळ खूप जास्त लागतो. यावर तुमचं सगळं वेळापत्रक ठरणार आहे.

कोचशी भांडू नका, पण वजनाचा विषय तूर्त बंद, हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा. पोरीच्या तोंडून सांगायला लावू नका. पहाटे बाहेर पडण्याआधी दोन केळी, किंवा तूप-गुळाबरोबर पोळी, आणि सराव संपल्या संपल्या डबा. दहापर्यंत थांबायचं नाही. क्रीडा आहारतज्ज्ञ गाठता आला तर उत्तम, पण त्यासाठी थांबून राहू नका.

आता वयाबद्दल बोलतो, कारण "वर्ष वाया जाईल" ही भीती तुमच्या घरात तिघांनाही आहे, असं पत्रावरून दिसतं. बर्म्युडाची ट्रायथलीट फ्लोरा डफी तुमच्या मुलीला नक्की माहीत असेल. ती २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेली तेव्हा बरोबर वीस वर्षांची होती. शर्यत पूर्ण करता आली नाही. त्यानंतर तिनं खेळच सोडला, अमेरिकेत बोल्डरला कोलोरॅडो विद्यापीठात शिकायला गेली आणि शिकता शिकता पुन्हा खेळाकडे वळली. लंडनला २०१२ मध्ये सायकलवरून पडली आणि ४५ वी आली. रिओला आठवी. २०१६ आणि २०१७ मध्ये जगज्जेती झाली, आणि ऐन भरात असताना २०१८ मध्ये पायाच्या दुखापतीनं तिला वर्षाहून जास्त काळ बाहेर बसवलं. परतली ती ऑगस्ट २०१९ मध्ये, टोकियोच्या चाचणी शर्यतीत. तिथं पुढच्या दोघी हातात हात घालून एकदम रेषा ओलांडल्या म्हणून बाद ठरल्या आणि विजय डफीला मिळाला. पुढे जुलै २०२१ मध्ये, ३३ व्या वर्षी, तिनं त्याच शहरात ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. साठ-पासष्ट हजार वस्तीच्या त्या बेटाचं ते पहिलं सुवर्णपदक. २०२३ मध्ये गुडघ्यानं पुन्हा जवळपास सगळा हंगाम खाल्ला, तरी २०२४ ला पॅरिसमध्ये ती पाचवी आली.

वीस ते तेहेतीस. मधे शिक्षण, अपयश, लांबलचक दुखापत, सगळं आलं. दम लागणाऱ्या खेळांत शरीर उशिरा पिकतं. जर्मनीच्या यान फ्रोडेनोला २०१८ मध्ये हिपच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे हवाईची जागतिक आयर्नमन सोडावी लागली, पुढच्या वर्षी ३८ व्या वर्षी त्यानं तीच शर्यत जिंकली. तुमच्या मुलीचं एक वर्ष गेलं तर काहीही बिघडत नाही. हाडाची घनता वाढण्याची हीच वर्षं असतात, ती उपाशीपोटी गेली तर मात्र नंतर भरून काढणं अवघड जातं.

कोच कदाचित ब्रिटनच्या अ‍ॅलिस्टर ब्राउनलीचं उदाहरण देतील. २०१२ च्या सुरुवातीला त्याचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध फाटला, जूनमध्ये तो परतला आणि ऑगस्टमध्ये लंडनला सुवर्ण घेऊन गेला. खरं आहे. पण त्याच्यामागे डॉक्टर-फिजिओंची पूर्ण फौज होती, घरच्या मैदानावरचं ऑलिम्पिक होतं, आणि दुखणं वेगळं होतं. ऑलिम्पिकसाठी माणूस जी जोखीम घेतो ती प्रवेश फी भरून उतरायच्या शर्यतीसाठी घ्यायची नसते. गोवा पुढच्या वर्षीही आहे.

परतीच्या वाटेवर या खेळात एक खास धोका आहे. पळणं बंद असलं तरी पोहणं आणि सायकल चालू राहते. सुरुवातीला मांड्यांत पुल-बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून पोहायचं, भिंतीला दुखऱ्या पायानं रेटा द्यायचा नाही. खोल पाण्यात तरंगता पट्टा बांधून पळण्याची हालचाल करायची. दुखणं थांबलं की डॉक्टरांना विचारून सायकल, तीही सीटवर बसून, चढाला उभं राहून नाही. त्यामुळे छाती आणि हृदय तयारच राहतं. पळायला परवानगी मिळाली की पहिल्याच दिवशी दम भरपूर असतो, पाय हलके वाटतात आणि पोरं आठ किलोमीटर मारून येतात. दम तयार असतो, हाड तयार नसतं. दुसऱ्यांदा मोडणारे बरेच जण इथंच मोडतात.

म्हणून क्रम असा ठेवायचा, अर्थात तुमच्या डॉक्टरांच्या आणि फिजिओच्या संमतीनं. आधी अर्धा तास झपझप चालून दुखता कामा नये, त्या वेळी नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं थोडा वेळ, एक दिवसाआड. सकाळी उठल्यावर नडगीवर बोट दाबून बघायचं. जागा हुळहुळली तर एक पायरी मागे. आधी अंतर वाढवायचं, वेग सगळ्यात शेवटी. सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा सराव त्याहूनही उशिरा, कारण थकलेले पोटऱ्यांचे स्नायू धक्का झेलत नाहीत, तो हाडावर येतो. चालत्या सायकलवरून उडी मारून अनवाणी धावायचं ते तर अगदी शेवटी. शर्यतीत त्यानं चार-पाच सेकंद वाचतात. वर्षभर ती सेकंदं गेली तरी चालतील.

वजनं उचलण्याचा व्यायाम मात्र वगळू नका. पोटऱ्या, मांड्या, कंबर. आपल्याकडे मुलींना जिमला पाठवायला अजून कां-कू होते. कोल्हापुरात तरी ती होऊ नये, लाल मातीचं गाव आहे ते.

गोव्याचं काय करायचं? नाव आधीच नोंदवलं असेल तर रिलेत बदलून मिळतं का ते विचारा. तिथं रिले गट असतो, एकानं पोहायचं, दुसऱ्यानं सायकल, तिसऱ्यानं पळायचं. डॉक्टर हो म्हणाले तर तिनं फक्त समुद्रातलं पोहणं करावं. नंबर लावून उभं राहणं, सुरुवातीची धडधड, शर्यत पूर्ण केल्याची भावना, हे सगळं मिळेल आणि नडगीला काही होणार नाही. मोबाइलवर दुसऱ्यांच्या शर्यती बघण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

आता पोटाचा प्रश्न. तो तुम्ही शेवटी लिहिलात, पण रात्री झोप उडवणारा तोच असणार. स्पष्ट सांगतो: भारतात केवळ ट्रायथलॉनच्या बक्षिसांवर घर चालवणं आज जवळपास अशक्य आहे. हवाईच्या जागतिक आयर्नमनमध्ये पहिल्या क्रमांकाला सव्वा लाख डॉलर मिळतात, पण त्या स्पर्धेतही बक्षीस मिळवणारे मूठभरच. गोव्यात उतरणारे बहुतेक सगळे हौशी, आपापल्या वयोगटात खेळणारे. आजवर एकही भारतीय ट्रायथलीट ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही. सायकल, चाकं, प्रवास, परदेशी स्पर्धा, सगळा खर्च घरचा असतो. मुलीला हे कळायला हवं, आणि तुम्ही आकडे कागदावर मांडून तिच्यासमोर ठेवायला हवेत. वीस वर्षांची आहे, तिला समजतं.

पण यातून "मग बँकेच्या परीक्षा दे" एवढंच निघत नाही. रिओची सुवर्णविजेती ग्वेन जॉर्गेन्सन या खेळात आली तेव्हा एका मोठ्या लेखा कंपनीत करसल्लागार म्हणून नोकरी करत होती. आपल्या अहमदाबादची प्रज्ञा मोहन सीए आहे आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रायथलॉन खेळली. तुमची मुलगी बी.कॉम.लाच आहे. पळणं बंद असलेले हे महिने अभ्यासाला द्यायला यापेक्षा चांगली वेळ नाही. पदवी याच वर्षी, चांगल्या गुणांनी. त्यात तडजोड नको.

दुसरं काम तुमचं. राष्ट्रीय पदकाची आणि सहभागाची सगळी प्रमाणपत्रं एका फायलीत लावा आणि कोल्हापूरच्या विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात जा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या पातळीच्या स्पर्धेतलं कोणतं स्थान कुठल्या पदासाठी धरतात याचे नियम ठरलेले आहेत, ते वेळोवेळी बदलतात, आणि प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करणारी किती तरी मुलं मी पाहिली आहेत. रेल्वे, पोलीस, सैन्यदलं यांच्या खेळाडू भरतीचीही चौकशी करा. तिच्या आईला स्थिर नोकरी हवी आहे ना? मग ही वाट त्यांना दाखवा. खेळ चालू ठेवणं हीच इथं पात्रता आहे.

तिसरं, आणि मला सगळ्यात आवडणारं. तुमची मुलगी पोहण्यातून आलेली आहे. कोल्हापूर-पुण्यात चाळिशीतली कितीतरी माणसं आयर्नमनची स्वप्नं बघतात, आणि त्यातल्या बहुतेकांना सायकल जमते, पळणं जमतं, उघड्या पाण्याची मात्र धडकी भरते. तळ दिसत नाही म्हटल्यावर छाती दडपते. अशा माणसांना पाण्यात उतरवणं हे तिला येऊ शकणारं काम आहे आणि त्याचे पैसे मिळतात. आधी जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेऊ दे, मग एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली दोन-चार जणांपासून सुरुवात. पुढे आवड टिकली तर पदवीनंतर बी.पी.एड. किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षण अभ्यासक्रम बघता येतील. तिला आत्ता नुसती स्पर्धक म्हणून स्वतःची ओळख आहे, म्हणून पाय मोडल्यावर सगळंच मोडल्यासारखं वाटतंय. कुणीतरी तिच्यामुळे पोहायला शिकलं की तिचं तिलाच बळ येईल. गप बसणं दोन-तीन आठवड्यांतही कमी झालं नाही, झोप-जेवण बिघडलं, तर मात्र समुपदेशकाकडे न्यायला उशीर करू नका.

तिघांनी बसून वर्षाचा करार करा आणि तो लिहून काढा: पदवी, तपासण्या, खर्चाची मर्यादा, आणि पूर्ण ट्रायथलॉनसाठी पुढच्या वर्षाचा हंगाम, तारीख न टाकता. पहिली शर्यत छोटी, ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं अशी स्प्रिंट. पुढच्या पत्रात एमआरआयचा अहवाल आणि रक्ततपासणीचे आकडे पाठवा. आणि शक्य असेल तर ते पत्र तिला लिहू द्या.