वडील ७२ वर्षांचे आहेत, चालायचा कंटाळा करतात. पावलं मोजणारा बँड घेऊन दिला तर फरक पडेल का?

पडतो. पण आणल्या दिवशीच त्यातलं १०,००० पावलांचं उद्दिष्ट काढून टाका.

आईला (वय ७४) मी असाच बँड आणला होता. पहिले आठ दिवस कौतुक. मग रोज जेवताना एकच पालुपद, "आजही तो गोल भरला नाही रे." (म्हणजे उद्दिष्टाकडे जाताना बँडवर भरत जाणारं वर्तुळ.) गाडी साडेतीन हजारांवर अडकलेली. एक दिवस अचानक सहा हजार! आम्ही खूश. नंतर कळलं, बाईसाहेब मालिका बघता बघता हात हलवत बसायच्या. पोळ्या लाटतानाही पावलं चढतात, हा शोधही तिचाच. उलट मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आली की आकडा जेमतेम हलायचा, कारण ते यंत्र हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतं. वडील वॉकर घेऊन चालत असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

मुळात दहा हजार हा आकडा आला जाहिरातीतून. १९६५ साली जपानमध्ये 'मान्पो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६,७०० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फारसा फरक दिसला नाही.

हे सांगितल्यावर आईनं स्वतःच ४,००० ठरवले. 'फार वेळ बसलात, उठा' म्हणून बँड थरथरायचा तो नेमका जपाच्या वेळी, म्हणून सकाळची ती सूचना बंद केली. खरी जादू मात्र मावशीनं केली. तिनंही बँड घेतला आणि रात्री नऊला फोन सुरू झाला, "ताई, तुझे किती?" आता पावणेनऊला आकडा कमी दिसला की आई चपला घालून सोसायटीला दोन चकरा मारून येते.

तुम्ही पहिला आठवडा उद्दिष्टच ठेवू नका. वडील रोज किती चालतात ते बघा आणि त्यावर पाचशे वाढवा. गुडघ्याचं किंवा छातीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि त्यांचे आकडे त्यांना न विचारता स्वतःच्या फोनवर घेऊ नका. मी घेतले होते. "माझी पावलं तू कशाला मोजतोस?" म्हणून दोन दिवस बँड कपाटात पडून होता.