एसटीपी असूनही नदीला वास का येतो?

तुम्ही विचारलंय की शहरात मैलापाणी शुद्धीकरण केंद्र (एसटीपी) आहे म्हणतात, मग नदी घाण का, हे केंद्र नुसतं दाखवायला असतं का. मी सांगलीचा, अशाच एका प्लँटच्या लॅबमध्ये कामाला आहे (कुठल्या ते राहू दे), म्हणून जेवढं रोज बघतो तेवढं सांगतो.

दाखवायला नसतं हो. पण प्लँटपर्यंत जेवढं पाणी पोचतं तेवढंच साफ होतं, बाकीचं नाल्यानं थेट नदीत जातंय त्याला प्लँट काय करणार? आपल्याकडं शेरी नाला बघा की. कृष्णेत मिसळणारं त्याचं पाणी उचलून धुळगावकडं न्यायचं, तिथं शुद्ध करून शेतीला द्यायचं, अशी योजना आहे. म्हणजे सगळा खेळ पंपावर. वीज गेली, पंप बंद पडला किंवा पावसात नाला फुगला की पाणी उताराला धावणारच, आणि उतार नदीकडं. देशाचीच गत तशी आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात शहरांचं मैलापाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर आणि प्लँटची क्षमता ३१,८४१, म्हणजे निम्मीपण नाही.

आता आत काय होतं. आधी जाळ्या, त्यात चिंध्या, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या अडकतात (लोक संडासात काय काय टाकतात ते विचारू नका). मग वाळू खाली बसवतात. खरं काम पुढच्या हवेच्या टाकीत, तिथं ब्लोअरनं खालून हवा सोडतात आणि बॅक्टेरिया घाण खाऊन वाढतात, पुढं ते गाळ होऊन खाली बसतात, वरचं पाणी निवळतं, त्याला क्लोरीन देऊन सोडतात. बसलेल्या गाळातला थोडा विरजणासारखा परत टाकीत घालतात, उरलेला वाळवतात. मी सकाळी पहिलं काय करतो तर टाकीतलं पाणी एक लिटरच्या उभ्या नळीत भरून अर्धा तास ठेवतो. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी आलं आणि ओल्या मातीसारखा वास असला की बॅक्टेरिया खुश. गाळ तरंगत राहिला, नाहीतर सडक्या अंड्याचा वास मारला, तर काहीतरी बिघडलंय, बहुतेक वेळा हवा कमी पडलेली असते. कुणी कारखान्याचं केमिकल गटारात सोडलं तर सगळे बॅक्टेरिया मरून प्लँट परत लायनीवर यायला आठवडेपण लागतात.

नदीला याचा फायदा काय? कच्च्या मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, साधारण लिटरला २०० मिलिग्रॅम तरी असतो. २०१७ च्या केंद्राच्या नियमात महानगरं आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या सोडून बाकी शहरांना तो ३० च्या आत आणायची अट होती. आणि २५ अंशाच्या स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन विरघळून विरघळून लिटरला ८ मिलिग्रॅम, म्हणजे एक लिटर कच्चं मैलापाणी नदीच्या २५ लिटर पाण्यातला ऑक्सिजन खाऊ शकतं, नदी हवेतनं परत घेते थोडा ते वेगळं. उन्हाळ्यात धार बारीक, बंधाऱ्यांमागं पाणी तुंबलेलं, मग माशांना श्वास घ्यायला काय उरतंय? तरी लोक म्हणणार प्लँट बंद आहे.

त्यामुळं तुमच्या नगरसेवकाला 'प्लँट कधी बांधणार' एवढंच विचारू नका. किती नाले अडवलेत, पंपाला जनरेटर आहे का, महिन्यातनं किती तास पंप बंद होता, हे विचारा. लॉगबुकात सगळं असतं, माहिती अधिकारात मागता येतं. आणि नदीच्या पाण्याचे आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर असतात, नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या आणि खालच्या जागेचे मिळाले तर शेजारी ठेवून बघा, घाण कुठून मिसळतीय ते लगेच कळतं.