खेळ आणि नियम : गोल्फचा स्कोअर आणि खरा हँडिकॅप

गोल्फच्या हँडिकॅपविषयी, म्हणजे खेळाडूला त्याच्या कौशल्यानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीविषयी, आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकासाठी घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी बहुतेकांचे मूळ कार्ड भरण्याच्या सवयीत आहे. त्यामुळे पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी पुण्यात दर रविवारी खेळतो. राउंड (सहसा १८ होलांचा खेळ) संपला की कार्डावरची एकूण बेरीज तेवढी हँडिकॅपच्या ॲपमध्ये भरतो. क्लबमधील एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की प्रत्येक होलचा आकडा वेगळा भरायला हवा. बेरीज तीच येणार असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? (एक वाचक, औंध)

उत्तर : बेरीज तीच येत नाही, म्हणूनच हा खटाटोप करायचा. जानेवारी २०२० मध्ये आर अँड ए आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी, तोवर जगात प्रचलित असलेल्या सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र करून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम लागू केली. या पद्धतीत हँडिकॅपसाठी प्रत्येक होलच्या आकड्याला कमाल मर्यादा आहे, आणि ती नेट डबल बोगी या नावाने ओळखली जाते. होलचा पार (त्या होलसाठी अपेक्षित फटके), त्यावर दोन, आणि त्या होलवर आपल्याला मिळणारे हँडिकॅपचे फटके, एवढ्यावर आकडा गेला तर जादाचे फटके हँडिकॅपच्या हिशेबातून गळतात.

उदाहरण घेऊ. आपला हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूचे कौशल्य दाखवणारा आकडा) १८.४ आहे आणि ज्या टीवरून (पहिला फटका मारण्याची जागा) आपण खेळता तिथले कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) ७१.२, स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूला कोर्स तुलनेने किती अवघड याचे माप) १२८ व सर्व होलांचा मिळून पार ७२ आहे असे धरा. इंडेक्सला १२८ ने गुणून ११३ ने (हा प्रमाण स्लोप) भागले की २०.८ येतात, कोर्स रेटिंग पारपेक्षा ०.८ ने कमी असल्याने तेवढे वजा केले की कोर्स हँडिकॅप (त्या कोर्सवर मिळणारे फटके) २० ठरतो. म्हणजे प्रत्येक होलवर एक फटका आणि स्ट्रोक इंडेक्स (होलांच्या अवघडपणाचा क्रम) १ व २ असलेल्या दोन अवघड होलांवर आणखी एकेक. आता सातव्या स्ट्रोक इंडेक्सच्या पार ४ होलवर आपला चेंडू दोनदा पाण्यात गेला आणि १० फटके झाले. इथली मर्यादा चार अधिक दोन अधिक एक, म्हणजे ७. पुढे एका पार ३ होलवर बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेर पडता पडता ७ झाले; इथली मर्यादा ६. बाकी सर्व होल मर्यादेत राहिले आणि बेरीज १०१ झाली. हँडिकॅपसाठीचा समायोजित स्कोअर मात्र ९७ आहे.

या चार फटक्यांनी काय फरक पडतो तेही पाहा. समायोजित स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करून, उरलेल्या आकड्याला ११३ ने गुणून स्लोप रेटिंगने भागले की त्या राउंडचे डिफरन्शियल मिळते. ९७ धरले तर ते २२.८ येते, १०१ धरले तर २६.३. साडेतीन फटक्यांची ही तफावत केवळ दोन बिघडलेल्या होलांमुळे आहे, आणि बेरीजच भरणाऱ्या खेळाडूच्या नोंदीत ती दर आठवड्याला साठत जाते. त्याचा इंडेक्स खऱ्यापेक्षा मोठा राहतो व त्याला स्पर्धेत नको तेवढे फटके मिळतात. त्यात त्याचा हेतू वाईट नसतो, पण समोरच्याच्या दृष्टीने परिणाम एकच. होलवार आकडे भरले की ही काटछाट ॲप स्वतः करते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. ही मर्यादा फक्त हँडिकॅपपुरती आहे. स्ट्रोक प्लेच्या (एकूण फटके मोजल्या जाणाऱ्या) स्पर्धेत १० झाले असतील तर कार्डावर १० च लिहायचे. गोल्फच्या नियमांप्रमाणे खेळाडू प्रत्येक होलच्या आकड्याला जबाबदार असतो, बेरजेला नव्हे. बेरीज समितीने करायची असते. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे व्हिसेन्झो यांनी सतराव्या होलवर ३ फटके घेतले होते, मार्करने (त्यांचे आकडे लिहिणाऱ्या सहखेळाडूने) कार्डावर ४ लिहिले आणि दे व्हिसेन्झोंनी न तपासता सही केली. नियमानुसार चढा आकडा कायम राहिला, बॉब गोल्बी यांच्याशी होणारी बरोबरी हुकली आणि विजेतेपदासाठीचा प्लेऑफ (बरोबरीनंतरचा निर्णायक खेळ) झालाच नाही. एका चौकोनातला एक आकडा इतका महाग पडू शकतो.

जाता जाता टीविषयी. कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग प्रत्येक टीसाठी वेगळे असतात. पांढऱ्या टीवरून खेळून ॲपमध्ये निळी टी निवडलेली राहिली, तर बाकी सारे अचूक असूनही डिफरन्शियल चुकते. ॲप बहुधा मागच्या वेळची टी लक्षात ठेवते. तेव्हा नोंद पक्की करण्यापूर्वी ती ओळ एकदा वाचावी.

प्रश्न : आमच्या फोरबॉलमध्ये (चौघांच्या गटात) एक मित्र चांगला खेळ झाला की कार्ड भरायला विसरतो, आणि वाईट खेळ झाला की न चुकता भरतो. दुसरा नेमका याच्या उलट. या दोघांपैकी पद्धतीला कोणाचा त्रास अधिक? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : पहिल्याचा. हँडिकॅप इंडेक्स हा शेवटच्या २० राउंडमधील सर्वांत चांगल्या आठ डिफरन्शियलची सरासरी असतो. वाईट राउंड बहुधा उरलेल्या बारांत जातात आणि सरासरीत धरले जात नाहीत. त्यामुळे दुसऱ्या मित्राने वाईट कार्डे लपवली तरी त्याचा आकडा एकदम खोटा होत नाही. मात्र जुनी चांगली कार्डे विसांच्या आत अडकून राहतात आणि त्याचा इंडेक्स खऱ्यापेक्षा लहान राहतो. त्याचे नुकसान त्याचे तोच सोसतो, कारण स्पर्धेत त्याला फटके कमी मिळतात. पहिला मित्र मात्र ज्या आठांवर सारे उभे आहे तेच आठ गाळतो, आणि त्याची किंमत त्याच्याविरुद्ध खेळणारे मोजतात.

पद्धतीने याला काही अडसर घातले आहेत. गेल्या ३६५ दिवसांतील आपला सर्वांत कमी इंडेक्स बाजूला नोंदलेला असतो. नवा इंडेक्स त्याच्यापेक्षा ३.० ने वर गेला की पुढची वाढ निम्मीच धरली जाते, आणि त्या कमी इंडेक्सपेक्षा ५.० हून जास्त वर तो जातच नाही. कमी इंडेक्स १५.० असेल आणि हिशेबाने २०.० आला, तर प्रत्यक्षात १९.० लागतो. उलट बाजूने, एखाद्या राउंडचे डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ ने कमी आले तर एक, आणि १०.० किंवा त्याहून अधिक फरकाने कमी आले तर दोन, अशी जादा कपात लगेच होते. पण न भरलेल्या कार्डाला कोणतेही सूत्र पकडू शकत नाही. त्यासाठी क्लबची हँडिकॅप समिती असते; तिला पेनल्टी स्कोअर (न भरलेल्या कार्डाऐवजी दंड म्हणून धरलेला आकडा) लावण्याचा अधिकार आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे भिडेपोटी तो वापरला जात नाही. आपण मित्राला आधी स्वतः सांगावे. फरक पडला नाही तर समितीकडे जाण्यात संकोच बाळगू नये.

प्रश्न : आम्ही एकमेकांना जवळचे पट देतो (होलाजवळचा हलका फटका न मारताच पडला असे मानतो) आणि कधी होल हरलो की चेंडू उचलून पुढे जातो. अशा होलवर काय लिहायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकत जाण्याच्या प्रकारात) पट देणे नियमातच आहे. हँडिकॅपसाठी अशा होलवर संभाव्य स्कोअर लिहायचा, म्हणजे तोवर घेतलेले फटके, दंडाचे फटके, आणि होल पूर्ण करायला आपल्याला बहुधा आणखी किती लागले असते तो आकडा. मार्गदर्शनासाठी अंतरे ठरवून दिली आहेत. चेंडू ग्रीनवर (होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) होलपासून सुमारे पाच फुटांच्या आत असेल तर एक फटका धरावा. त्याहून दूर, पण साधारण २० यार्डांच्या आत असेल तर दोन किंवा तीन, ग्रीनचा उतार आणि आपले कौशल्य पाहून. त्याहून दूर असेल तर तीन किंवा चार. येणारा आकडा नेट डबल बोगीपेक्षा मोठा असला तर मर्यादेचाच आकडा लिहावा. सात फुटांवरून दिलेल्या पटाला 'एकच' लिहिण्याची सवय सर्वत्र दिसते. ती सोडावी, कारण सात फुटांचे पट आपले किती पडतात हे प्रत्येकाला मनात ठाऊक असते.

मात्र स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत पट दिला घेतला जात नाही. तिथे चेंडू होलात घालावाच लागतो.

प्रश्न : मुंबईत कामावर जाण्यापूर्वी नऊच होल खेळणे जमते, तेही कधी कधी एकट्याने. शिवाय पावसाळ्यात चेंडू उचलून पुसून ठेवण्याची मुभा असते. यांतले काय धरता येते? (एक वाचिका, मुंबई)

उत्तर : एकट्याने खेळलेला राउंड धरता येत नाही, सोबत किमान एक व्यक्ती हवी. अमेरिकेतील संघटनेने कॅडीची (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाची) सोबतही ग्राह्य मानली आहे. आपल्या क्लबच्या समितीची भूमिका विचारून घ्यावी. नऊ होल जरूर भरावेत. २०२४ च्या सुधारणेनंतर नऊ होलांच्या नोंदीला उरलेल्या नऊंचा अपेक्षित आकडा जोडून १८ होलांचे डिफरन्शियल लगेच काढले जाते. पूर्वीसारखे दुसऱ्या नऊ होलांची वाट पाहत थांबावे लागत नाही.

चेंडू साफ करून जवळच ठेवण्याची मुभा समितीने स्थानिक नियमाने दिलेली असेल, तर पावसाळ्यातले स्कोअरही चालतात. त्या दिवशी मैदान नेहमीपेक्षा जड होते याचा विचारही पद्धत करते. त्या कोर्सवर त्या दिवशी भरलेली कार्डे अपेक्षेशी ताडून उणे एक ते अधिक तीन एवढी दुरुस्ती ती आपोआप लावते. त्यासाठी किमान आठ कार्डे लागतात आणि ती त्याच दिवशी, मध्यरात्रीपूर्वी भरलेली असावी लागतात. धो धो पावसात खेळून आलेल्या चौघांनी कार्डे शनिवारवर ढकलली, तर त्या दिवशी कोर्स किती अवघड होता हे यंत्रणेला कळणार कसे?

प्रश्न : मी नवशिका आहे. हँडिकॅप मिळण्यासाठी किती राउंड भरावे लागतील? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : एकूण ५४ होल, १८ होलांचे तीन राउंड, किंवा नऊ आणि अठरांचे कोणतेही मिश्रण चालते. तीन नोंदी झाल्या की त्यांतील सर्वांत चांगल्या डिफरन्शियलमधून दोन वजा करून पहिला इंडेक्स दिला जातो. तोवर प्रत्येक होलवर पारवर पाच एवढी मर्यादा असते. सर्वांत मोठा इंडेक्स ५४.० आहे, तेव्हा आपला आकडा फार मोठा येईल या धास्तीने थांबू नये.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. तिथे हिवाळ्यात नोंदी बंद असतात. डिसेंबरमध्ये पुण्यात आलो की सासऱ्यांसोबत खेळतो. ते स्कोअर भरायचे की नाही? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : भरायचे. हंगाम खेळाडूच्या गावाचा पाहत नाहीत, ज्या कोर्सवर खेळलात त्याचा पाहतात. पुण्यातील कोर्सला रेटिंग असेल आणि तिथे हंगाम चालू असेल, तर तो राउंड आपल्या अमेरिकेतील नोंदीत गेलाच पाहिजे. ॲपच्या यादीत कोर्स सापडला नाही, तर कार्डावरून त्या टीचे कोर्स रेटिंग, स्लोप रेटिंग आणि पार उतरवून घ्यावे व आपल्या क्लबला होलवार आकड्यांसह कळवावे. सासऱ्यांनी कार्डावर मार्कर म्हणून सही केली असेल, तर तेही कार्ड जपून ठेवावे.