अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाची यंत्रणा ठरवते की चिडलेला मतदार? डेमोक्रॅटिक यंत्रणेने डाव्या बर्नी सँडर्सना अडवलं, मग रिपब्लिकन यंत्रणेने ट्रम्पना का नाही अडवलं?

यंत्रणा ठरवते, पण एकजूट असेल तरच. आणि तिने ठरवलं म्हणून मतदाराचा राग जिरत नाही, तो दुसऱ्या दाराने येतो. घाईत असाल तर उत्तर एवढंच.

पण यंत्रणा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंद खोलीत सिगार ओढत बसलेले म्हातारे येतात. तो जमाना १९६८ ला संपला. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्रींनी एकही प्रायमरी (नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली, बाहेर शिकागोच्या रस्त्यांवर मेयर डेलींचे पोलीस पोरांना झोडपत होते, आणि त्या नाचक्कीनंतर पक्षाला नियम बदलावे लागले. आता यंत्रणा कंटाळवाण्या कागदांत असते. मतपत्रिकेवर कोणाचं नाव कुठे छापायचं, पक्षनोंदणी बदलायची शेवटची तारीख कोणती, किती मतांना किती डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. न्यूयॉर्कमध्ये पक्षात नोंदणी असलेल्यालाच त्याच्या प्रायमरीत मत देता येतं, आणि २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपली होती. खुद्द ट्रम्प यांची मुलं, इव्हान्का आणि एरिक, या नियमात अडकली आणि बापाला मत देऊ शकली नाहीत. सँडर्सच्या मागे आलेल्या अपक्ष पोरांचं काय झालं असेल ते ओळखा.

हे मला इतकं का झोंबतं ते सांगते. मी मध्य न्यू जर्सीत राहते. २०१६ च्या निकालाच्या रात्री आमच्याकडे मराठी मंडळातली बरीच माणसं जमली होती. मिसळ केली होती, कोणी धड खाल्ली नाही. पेनसिल्व्हेनिया ट्रम्पकडे गेलं तसे अप्पा उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे तुमच्या बर्नीवाल्यांचं काम." अप्पा म्हणजे आमच्यातले ज्येष्ठ (खरं नाव लिहीत नाही), डेमोक्रॅटिक पक्षाच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) कमिटीवर वर्षानुवर्षं. जूनच्या प्रायमरीत मी हिलरींविरुद्ध सँडर्ससाठी दारोदार फिरले होते हे त्यांना माहीत होतं. नोव्हेंबरात मी मुकाट्याने हिलरींना मत दिलं, हेही माहीत होतं. तरी बोलले. आणि सगळ्यांसमोर.

मग मी ठरवलं की त्यांच्याच कमिटीला उभं राहायचं. प्रत्येक मतदान केंद्रामागे दोन जागा असतात, तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक पुरुष आणि एक बाई. पदाला पगार नाही, गाडी नाही, बोर्ड नाही. पण हेच सदस्य काउंटीचा पक्षाध्यक्ष निवडतात. पक्षाध्यक्ष मतपत्रिकेवरची लाइन कोणाला द्यायची हे ठरवण्यात मुख्य असतो. लाइनवर असलेलेच पुन्हा कमिटीवर निवडून येतात, आणि ते परत त्याच अध्यक्षाला निवडतात. झालं. भ्रष्टाचाराची गरजच नाही.

लाइन हा प्रकार पन्नास राज्यांत फक्त आमच्याकडे होता, न्यू जर्सीच्या २१ पैकी १९ काउंट्यांत. बाकी देशात पदाचं नाव आणि त्याखाली सगळे उमेदवार असं छापतात. आमच्याकडे पक्षाचा पाठिंबा मिळालेले सगळे एकाच स्तंभात, वर अध्यक्ष, सिनेटर किंवा गव्हर्नर आणि तळाला कमिटीचा सदस्य. बाकीच्यांना पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं दाराशी, चपलांजवळ पान.

नमुना मतपत्रिका टपालाने आली तेव्हा मी ती जेवणाच्या टेबलावर पसरली. भलं मोठं पान. डावीकडचा स्तंभ नावांनी गच्च, त्यावर पक्षसंघटनेचं घोषवाक्य. मग बरीच पांढरी जागा. मग अगदी उजव्या कडेला, तळाशी, एकटी मी. आडनाव मात्र बरोबर छापलं होतं, त्याबद्दल काउंटीचे आभार. मुलगी म्हणाली, "आई, तू तर पत्रिकेच्या बाहेर पडणार आहेस."

गल्लीतली माणसं ओळखीची होती. गुजराती, तेलुगू, दोन-तीन जुनी इटालियन कुटुंबं. उमेदवारीसाठी सह्या गोळा करताना प्रत्येक घरात चहा झाला होता. मतदानाच्या संध्याकाळी समोरच्या बेनचा फोन आला, "अरे, तुमचं नाव तर कुठेच नव्हतं! मग मी पहिल्या रांगेतली सगळी बटणं दाबून आले." म्हणजे जी बाई माझ्यासाठी घरातून निघाली होती तिने मला पाडून मत दिलं, आणि तेही मनापासून. मी पडले. निवडून आलेल्या बाईंना त्यानंतर मी आमच्या गल्लीत कधी पाहिलं नाही. अप्पा म्हणाले, "लाइनच्या बाहेर लोकांची नजर जात नाही, वहिनी. पुढच्या वेळी आधी माझ्याशी बोला." हे त्यांनी प्रेमाने सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

आता ट्रम्प. २०१६ ला रिपब्लिकन यंत्रणेकडे पैसा होता, नावं होती, जेब बुश यांच्या सुपर पॅककडेच (उमेदवारासाठी बाहेरून हवा तेवढा पैसा खर्च करणारी संस्था) १० कोटी डॉलरच्या वर निधी होता. नव्हती ती एकजूट. मोठे म्हणावेत असे १७ उमेदवार होते, आणि दुसऱ्याने आधी माघार घ्यावी म्हणून प्रत्येक जण थांबला होता. त्यात २०१२ ला पक्षाचे उमेदवार मिट रॉम्नी यांची प्रायमरी लांबली म्हणून पक्षाने वेळापत्रक आवळून ठेवलं होतं, की आपला माणूस लवकर ठरावा. ठरला. साउथ कॅरोलायनात ट्रम्पना साधारण ३२ टक्के मतं पडली आणि डेलिगेट मिळाले ५० पैकी ५०. यंत्रणेने स्वतःसाठी केलेल्या नियमांवर बाहेरचा माणूस स्वार झाला.

डेमोक्रॅट्सनी हे नीट पाहिलं होतं. २०२० मध्ये सँडर्स पुढे होते. मग साउथ कॅरोलायनाचे वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला, २९ फेब्रुवारीला बायडन साउथ कॅरोलायना जिंकले, १ मार्चला बुटिजिज बाहेर, २ मार्चला क्लोबुचर बाहेर (दोघेही बायडनसारखेच मध्यममार्गी उमेदवार), ३ मार्चला सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांच्या प्रायमऱ्या. चार दिवसांत खेळ संपला. यात बेकायदा काही नव्हतं. जे रिपब्लिकनांना वर्षभरात जमलं नाही ते यांनी शनिवार ते सोमवारात उरकलं.

अप्पा तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात म्हणतात, "बघा, शेवटी यंत्रणेनेच ट्रम्पला हरवलं." २०२० पुरतं ते खरं आहे, मी कधी नाकारलं नाही. पण मग २०२४ चा हिशेबही मांडा. बायडनना खरा प्रतिस्पर्धी उभाच राहू दिला नाही. फ्लोरिडात राज्यातल्या पक्षाने एकच नाव पाठवलं, त्यामुळे डेमोक्रॅट्सची प्रायमरीच झाली नाही. २७ जूनला डिबेटमध्ये सगळ्या जगाने काय ते पाहिलं, २१ जुलैला बायडन बाहेर, आणि कमला हॅरिस एकाही प्रायमरीत स्वतःसाठी मत न मागता उमेदवार. सातही अटीतटीची राज्यं ट्रम्पनी घेतली.

आणि २०१६ चं तर मुळीच ऐकून घेणार नाही. ओबामांना दोनदा निवडून दिलेल्या २०६ काउंट्या त्या वर्षी ट्रम्पकडे गेल्या. त्या बर्नीवाल्यांनी फिरवल्या? मिशिगन आणि विस्कॉन्सिन या दोन्ही प्रायमऱ्या सँडर्सनी जिंकल्या होत्या, मार्च-एप्रिलमध्येच. कारखाने गेलेल्या गावांतला राग मतपेटीतून स्वच्छ दिसत होता. यंत्रणेने त्यातून घेतलेला बोध म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी हिलरी विस्कॉन्सिनला प्रचाराला एकदाही गेल्या नाहीत. दोन्ही राज्यं हातची गेली. अप्पा लगेच ग्रीन पार्टीच्या जिल स्टाईन यांच्या मतांचा कागद काढतात. ती मतं त्या राज्यांतल्या फरकापेक्षा जास्त होती, बरोबर. पण ती सगळी हिलरींचीच होती हे कोणी ठरवलं?

एक मात्र लिहायला हवं, नाहीतर माझीच बर्नीवाली मंडळी धावून येतील. हिलरींची उमेदवारी चोरलेली नव्हती. त्यांना प्रायमऱ्यांमध्ये सुमारे १ कोटी ६९ लाख मतं पडली, सँडर्सना १ कोटी ३२ लाख. न्यू जर्सीतही त्या मोठ्या फरकाने जिंकल्या. साउथ कॅरोलायनातला कृष्णवर्णीय मतदार स्वतःच्या अनुभवाने ठरवतो, त्याला यंत्रणेचं प्यादं म्हणणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. आणि ज्या सुपरडेलिगेटवरून (मतदारांनी न निवडलेले, पदामुळे डेलिगेट झालेले पक्षनेते) एवढं रणकंदन झालं, त्यांचं अधिवेशनातल्या पहिल्या फेरीतलं मत पक्षाने २०१८ मध्ये जवळजवळ काढूनच घेतलं.

शिवाय जिंकलेला राग फार दिवस बाहेर राहत नाही. आमच्या जर्सी सिटीचा फ्रँक हेग, डेमोक्रॅटिक यंत्रणेचा धनी, तीस वर्षं मेयर होता, १९१७ ते १९४७. १९३२ ला तो रूझवेल्टच्या विरोधात होता. उमेदवारी रूझवेल्टला मिळाल्यावर याच हेगने त्यांच्यासाठी न्यू जर्सीतल्याच सी गर्टला प्रचंड सभा भरवली. २०१६ ला ट्रम्पवर थुंकणाऱ्या रिपब्लिकनांनीही तेच केलं, आणि २०२४ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या सहअध्यक्षपदी ट्रम्प यांची सून बसली. यंत्रणा तीच, मालक बदलला.

तुम्ही इकडे येणार असाल, नागरिक होणार असाल, तर नोव्हेंबरची हवा डोक्यात घेऊ नका. प्रायमरीला जा. आपल्या केंद्राचे कमिटी सदस्य कोण ते शोधा. बऱ्याचदा जागा रिकामी असते, कोणी विचारतसुद्धा नाही. आमची लाइन आता गेली. २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम यांनी कोर्टात दाद मागितली, मार्चअखेर न्यायाधीशांनी त्या प्रायमरीपुरती तिला मनाई केली, आणि २०२५ मध्ये कायद्यानेच पत्रिका बदलली. अप्पा आता सांगतात की लाइन त्यांना कधीच पटली नव्हती.

बरं, अप्पा, तुमचा मुलगा हे तुम्हाला वाचून दाखवणारच आहे, म्हणून विचारते. २०२४ ला आपल्याच न्यू जर्सीतली पसेइक काउंटी ट्रम्पकडे गेली. १९९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन. तिथे इतकी वर्षं लाइन होती, अध्यक्ष होते, कमिटी होती, आणि पत्रिकेवर बर्नी कुठेच नव्हता. तिथे कोणी घात केला, ते गणपतीत भेटू तेव्हा सांगा.