लेकीला रक्ताच्या लॅबमधे पाठवू का?

दादा, तासगावहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सांगलीत बीएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या व्हिजिटमधे रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करताना बघितल्या आणि तेव्हापासून म्हणतीये मला हेच करायचंय, आणि तिच्या आत्या म्हणतात दुसऱ्याच्या रक्तात हात घालायचं काम कशाला, त्यापेक्षा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मिरजेत नोकरीला लागू दे.

आधी काम काय असतं ते सांगतो, मी आठ वर्षं लॅबमधेच होतो. पूर्वी डेअरीत फॅट काढायला बाटल्या गरगर फिरवायचे बघा, तत्त्व तेच, जड ते एका बाजूला, हलकं ते दुसऱ्या. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधे तांबड्या पेशी ५० लाखांच्या आसपास आणि पांढऱ्या फक्त ४ ते ११ हजार, म्हणून एवढा खटाटोप. ट्यूबमधे फायकॉल नावाचं द्रावण घ्यायचं, पाण्यापेक्षा थोडं जड, घनता १.०७७, मग ट्यूब तिरकी धरून पिपेटचं टोक आतल्या भिंतीला टेकवायचं आणि सलाइन मिसळलेलं रक्त इतकं हळू सोडायचं की दोन थर एकमेकांत मिसळता कामा नयेत, हात थरथरला की संपलं. नंतर सेंट्रिफ्यूजमधे, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या मशीनमधे, साधारण ४०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोरानं) अर्धा तास. बाहेर काढल्यावर वर पिवळा प्लाझ्मा, तळाला तांबडं, आणि प्लाझ्माच्या बुडाशी धुक्यासारखी पातळ पांढुरकी रेघ, त्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी. (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मात्र तांबड्यांबरोबर खाली जातात, त्यांची तऱ्हा वेगळी.) तुमची लेक त्या रेघेला भुलली असणार, मीपण भुललो होतो.

पण पहिल्याच महिन्यात मी सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद करायला विसरलो, मशीन झटक्यात थांबलं, थर हलले, आणि एका लहान पोराला परत सुई टोचायला लागली. त्याचं रडणं अजून कानात आहे.

रक्ताची भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. हिपॅटायटिस बी लसीचे ३ डोस आत्ताच सुरू करा, ६ महिने लागतात, आणि ग्लोव्हज न घालता काम करायला लावणाऱ्या लॅबमधे तिला एक दिवसपण ठेवू नका.

आता खरी गोष्ट. मिरजेत लॅब भरपूर, डीएमएलटीला काम मिळतं, ते कमी प्रतीचं अजिबात नाही. पण तिथं सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या तपासणीचं, मशीन पेशी वेगळ्या न काढताच मोजून देतं, हे फायकॉलचं काम रोज तिथं सहसा नसतं. ते असतं फ्लो सायटोमेट्री (लेझरनं एकेक पेशी तपासायची पद्धत) करणाऱ्या काही मोठ्या लॅबमधे, कधीकधी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या तपासणीत, नाहीतर पुण्याच्या एनसीसीएससारख्या पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्थेत. म्हणजे एमएस्सी, त्यासाठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा, आणि घरापासून लांब निदान दोन वर्षं. तुमच्या पत्रात चार वेळा रक्त आलंय, पुणं एकदाही नाही, पण मला वाटतं घरात बोलणं त्याच्यावरच व्हायला पाहिजे.

तोवर सुट्टीत तिच्या सरांना विचारून १५ दिवस लॅबमधे उभी राहू दे. तीच ट्यूब, तोच थर, मग ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) घालून मायक्रोस्कोपखाली चौकोन चौकोन पेशी मोजत बसायचं, मान मोडते अक्षरशः. दहाव्या दिवशीपण ती सकाळी आपणहून उठून गेली तर अडवू नका. जॅमचा फॉर्म सुटायच्या आधी एक दिवस पुण्याला जाऊन तिथली हॉस्टेलं बघून या, आत्यांनापण बरोबर न्या.